यूआर५ई कोबॉट: सीएनसीसमोर आणि रक्ताच्या ट्यूबपाशी

डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्सने २००८ मध्ये पहिला यूआर५ विकला आणि तेव्हापासून 'कोबॉट', म्हणजे माणसांच्या शेजारी काम करू शकणारा रोबोट-हात, हा प्रकार कारखान्यांत हळूहळू रुळला. २०१८ मध्ये आलेला यूआर५ई हा त्याचाच पुढचा अवतार. सहा सांधे, ८५० मिमी पोहोच, ५ किलो भार. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या कटाईच्या) मशिनमध्ये जॉब (घडवायचा तुकडा) भरणं, स्क्रू आवळणं, गोंदाची रेघ ओढणं, पॅथॉलॉजी लॅबमध्ये ट्यूब लावणं, अशा सगळ्या कामांत हाच हात दिसतो. मत आधीच सांगून टाकतो: हात उत्तम आहे. फसगत होते ती त्याच्या आजूबाजूला. ग्रिपर (पकडणारा पंजा), जिग (जॉब जागेवर धरणारा साचा), टेबल, प्रकाश यांत, आणि सगळ्यात जास्त 'कोबॉट आहे म्हणजे कुंपण नको' या समजुतीत.

बसवणी

हाताचं वजन २०.६ किलो, पायाचा व्यास १४९ मिमी. दोघांनी उचलून ठेवला, ८.८ ग्रेडचे चार एम८ बोल्ट २० न्यूटन-मीटरने आवळले, की झालं असं वाटतं. गोम टेबलात असते. खालचा आधार हाताच्या वजनाच्या पाचपट भार आणि पायाच्या सांध्याच्या कमाल टॉर्कच्या (पिळाच्या बळाच्या) दहापट टॉर्क सोसणारा हवा, असं मॅन्युअल सांगतं. चाकं लावलेलं ॲल्युमिनियम प्रोफाइलचं हलकं टेबल यात बसत नाही. हात वेगात येऊन थांबला की असं टेबल डुलतं, ग्रिपरचं टोक हलतं आणि नाव मात्र रोबोटचं खराब होतं. टेबल एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर न्यायचंच असेल, तर जमिनीत पक्क्या पिना बसवा आणि जागा बदलल्यावर एका ठरावीक खुणेवर ग्रिपरचं टोक नेऊन पाहिल्याशिवाय सायकल सुरू करू नका.

कंट्रोल बॉक्सला साधी सिंगल फेज पुरते, १०० ते २४० व्होल्ट. आत १६ डिजिटल इनपुट आणि १६ आउटपुट आहेत, त्यांतले आठ-आठ कॉन्फिगर करून सुरक्षिततेसाठी वापरता येतात. २४ व्होल्टचा आतला सप्लाय २ अँपिअरचा आहे. दोन-चार सोलेनॉइड वाल्व, एखादा दिवा आणि सेन्सर एवढं त्यावर चालतं. त्यापुढे मात्र बाहेरचा सप्लाय जोडलेला बरा, नाहीतर ऐन वेळी व्होल्टेज पडून सेन्सर उगाच चालू-बंद होत राहतात आणि कारण शोधण्यात अख्खी शिफ्ट जाते.

माहितीपत्रकातला ±०.०३ मिमी हा आकडा नीट वाचायला हवा. ही पुनरावृत्तीची अचूकता आहे. म्हणजे हाताला एकदा शिकवलेल्या बिंदूवर तो पुन्हा पुन्हा तितक्या फरकात येईल. कॅडच्या संगणकीय आराखड्यातून काढलेल्या किंवा कॅमेऱ्याने सांगितलेल्या, कधीच न शिकवलेल्या बिंदूवर तो तितकाच अचूक जाईल असा याचा अर्थ नाही. आरओएस (रोबोटसाठीची खुली सॉफ्टवेअर प्रणाली) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: प्रत्येक हाताचं कारखान्यात झालेलं कॅलिब्रेशन त्याच्या कंट्रोलरमध्ये असतं. ते काढून घेऊन आपल्या मॉडेलमध्ये घातलं नाही, तर टोकाची जागा सेंटिमीटरच्या घरात चुकू शकते. 'कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन बिघडलंय' म्हणून डोकं धरून बसलेल्यांनी आधी इथे पाहावं.

पाच किलोंचा हिशेब

फ्लँज म्हणजे हाताच्या टोकाची, ग्रिपर बसवायची चकती. ५ किलो हे तिच्यापुढच्या सगळ्या सामानाचं मिळून आहे. रोबोटिकचा २एफ-८५ हा नेहमीचा दोन बोटांचा इलेक्ट्रिक ग्रिपर घेतला तर तोच सुमारे ०.९ किलो. सीएनसी टेंडिंगला (मशिनमध्ये जॉब भरण्या-काढण्याला) दोन ग्रिपर लागतात, एकाने तयार जॉब काढायचा आणि मनगट फिरवून लगेच दुसऱ्याने कच्चा जॉब भरायचा. दोन ग्रिपरचे १.८ किलो, मधल्या कोनी ब्रॅकेटचे आणि केबलचे धरा ४०० ग्रॅम. उरले २.८ किलो, आणि चकसमोर (जॉब आवळून धरणारा मशिनचा भाग) एका क्षणी दोन्ही ग्रिपरमध्ये जॉब असतात. म्हणजे एका जॉबच्या वाट्याला फार तर १.४ किलो. पाच किलोच्या हाताकडून दोन किलोचा जॉब सहज होईल असं धरून लेआउट काढणारे इथे अडकतात.

शिवाय वजन फ्लँजपासून जितकं लांब, तितका चालणारा भार कमी. मॅन्युअलमध्ये त्याचा आलेख आहे. ग्रिपर निवडण्याआधी गुरुत्वमध्य किती मिलिमीटरवर येतो ते काढून त्या आलेखावर बोट ठेवून पाहा. लांबलचक थ्रीडी प्रिंट केलेली बोटं दिसायला हलकी असतात, पण त्यांच्या टोकाशी धरलेला जॉब हा आलेख पार बिघडवतो.

पेंडंटवर (हाताला शिकवायच्या हातातल्या पडद्यावर) वजन आणि गुरुत्वमध्य भरताना आळस नको. रिकामा ग्रिपर, जॉब धरलेला ग्रिपर, दोन जॉब धरलेला ग्रिपर अशी तीन वेगळी वजनं असतील, तर प्रोग्राममध्ये पकडल्या-सोडल्याच्या प्रत्येक पायरीनंतर ती बदला. चुकीचं वजन ओळखायची सोपी खूण आहे: फ्रीड्राइव्हचं (हात मोकळा करून ढकलता येण्याचं) बटण दाबून हात सोडला आणि तो आपोआप खाली बसायला किंवा वर जायला लागला, की आकडा चुकला. वेगात असताना विनाकारण येणाऱ्या प्रोटेक्टिव्ह स्टॉपमागेही (हात आपणहून सुरक्षेसाठी थांबतो, त्यामागेही) बरेचदा हेच निघतं. वजन माहीत नसेल तर त्यासाठी पायरी-पायरीने नेणारा विझार्ड आहे, चार वेगवेगळ्या स्थितींत हात धरून तो स्वतः अंदाज काढतो. टूलचं टोक शिकवण्याचा विझार्डही असाच, तीन वेगळ्या कोनांतून एकाच सुईच्या टोकाला टेकवायचं. चौथा कोन पडताळणीसाठी. तो चौथा कोन टाळू नका.

शिकवणं

१२ इंची पेंडंट आणि त्यावरचं पॉलीस्कोप सॉफ्टवेअर ही या हाताची खरी जमेची बाजू. मशिनवर काम करणारा ऑपरेटर दोन-तीन दिवसांत साधा उचल-ठेव प्रोग्राम स्वतः बनवतो, हे अतिशयोक्तीने सांगत नाही. फ्रीड्राइव्हने हात ढकलून बिंदूजवळ न्यायचा, शेवटचे काही मिलिमीटर मात्र बाणांनी. हाताने ढकलून नेमका बिंदू पकडायला गेलं की तिरका धरला जातो आणि जॉब चकमध्ये एका बाजूने बसतो.

मूव्ह-जे आणि मूव्ह-एल या दोन हालचालींतला फरक पहिल्याच दिवशी समजून घ्या. मूव्ह-जेमध्ये सांधे आपल्या सोयीच्या वाटेने जातात, टोक वळणावळणाने जातं. मूव्ह-एलमध्ये टोक सरळ रेषेत जातं आणि त्यासाठी सांध्यांना कसरत करावी लागते. ही कसरत तीन ठिकाणी अशक्य होते: हात पूर्ण ताणलेला असताना, मनगट पायाच्या बरोबर वर आलं असताना, आणि दुसऱ्या मनगटाचा कोन शून्य किंवा १८० अंशांजवळ आला की. सरळ रेषा तिथून गेली तर टोक संथ असतानाही एखादा सांधा सुसाट फिरू पाहतो आणि हात थांबतो. उपाय दोन. रेषा थोडी हलवा, किंवा तो तुकडा मूव्ह-जेने करा. पायाच्या वरचा आणि खालचा उभा दंडगोल तर लेआउटमध्येच रिकामा सोडावा. रॅक अगदी पायाला चिकटवून ठेवण्याचा मोह खूप होतो, जागा वाचते म्हणून. वाचत नाही.

आणखी एक चूक सगळीकडे दिसते. लहान भाऊ यूआर३ईच्या शेवटच्या मनगटाला फिरण्याची मर्यादा नाही. यूआर५ईच्या प्रत्येक सांध्याला ±३६० अंशांची आहे. एक बिंदू +१९० अंशांवर शिकवला आणि पुढचा −१७० वर, तर ग्रिपरची दिशा डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसते, पण मूव्ह-जेने तिथे जाताना मनगट पूर्ण गिरकी घेतं. ग्रिपरची केबल किंवा हवेची नळी गुंडाळली जाते, काही दिवसांनी तिची तार तुटते आणि सिग्नल कधी येतो, कधी येत नाही. म्हणून बिंदू साठवताना सांध्यांचे कोन वाचायची सवय लावा, आणि केबलला मनगटापाशी सैल वळसा ठेवून पट्ट्याने बांधा, प्लॅस्टिकच्या टायने करकचून नको.

सीएनसी मशिनसमोर

इथे हाताचं काम सोपं असतं, मशिनशी बोलणं कठीण. कमीत कमी पाच सिग्नल पक्के हवेत: दार पूर्ण उघडलं, स्पिंडल (मशिनचा फिरणारा दांडा) थांबला, चक उघडला, चक आवळला, सायकल संपली. 'चक आवळला' हा सिग्नल प्रेशर स्विचवरून घ्या, नुसत्या वाल्वच्या आउटपुटवरून नको. वाल्वला आदेश गेला म्हणजे जबडे आवळले असं नाही. हवेचा दाब कमी असेल तर जॉब सैल राहतो आणि स्पिंडल फिरला की उडतो.

रोज त्रास देणारी गोष्ट म्हणजे चिप्स, धातूचा कीस. जबड्यात एक बारीक वळलेली चिप राहिली की जॉब टेकतो, पण तिरका. म्हणून जॉब काढल्यावर एअर ब्लो, मग नवा जॉब भरताना फोर्स मोडने (ठरावीक बळाने ढकलण्याच्या पद्धतीने) चकच्या टेकूवर हलका दाब देऊन ग्रिपरचं झेड, म्हणजे तो किती आत गेला, ते मोजा. ठरलेल्या खोलीपेक्षा फरक पडला तर पुन्हा फुंकर, दुसऱ्यांदाही पडला तर थांबून दिवा लावा. ई-मालिकेत फ्लँजमध्येच फोर्स-टॉर्क सेन्सर आहे, त्यामुळे हे वेगळ्या सेन्सरशिवाय जमतं. पण त्याची अचूकता ४ न्यूटनच्या आसपास, आवाका ५० न्यूटन. दोन न्यूटनचा स्पर्श ओळखेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. टेकण्याच्या अगदी आधी, हात पूर्ण थांबलेला आणि त्याच कोनात असताना सेन्सर शून्य करा. वाटेत, वेगात असताना शून्य केलात तर तो शून्य कुठलाच नसतो.

हात आयपी५४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आहे. धूळ आणि शिंतोडे झेलेल, कूलंटच्या (कटाई थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) धारेखाली ठेवायचा नाही. कूलंट सतत उडत असेल तर कव्हर घाला आणि कव्हरचं वजन वरच्या हिशेबात धरा. आणि वेगाबद्दल: टोकाचा नेहमीचा वेग सेकंदाला १ मीटर. दोन सेकंदांत उचल-ठेव हवी असलेल्यांनी स्कारा किंवा डेल्टा या वेगवान प्रकारांतला रोबोट घ्यावा. मशिनची सायकल दीड-दोन मिनिटांची असेल तर मात्र हा वेग पुरून उरतो.

लॅबमध्ये

कोपनहेगनच्या गेंटॉफ्ट रुग्णालयाचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. तिथे यूआर५ची जोडी रक्ताचे नमुने लावते. पहिला हात ट्यूब उचलून बारकोड स्कॅनरपाशी नेतो, कॅमेरा कॅपचा रंग टिपतो, त्यावरून ट्यूब चारपैकी एका रॅकमध्ये जाते. दुसरा हात रॅकमधून ट्यूब घेऊन सेंट्रिफ्यूज आणि तपासणीकडे जाणाऱ्या फीडरमध्ये ठेवतो. मिनिटाला सात-आठ ट्यूब, दिवसाला सुमारे ३,०००.

हे वाचून सोपं वाटतं, पण ट्यूब हा तापदायक जॉब आहे. १३ मिमी आणि १६ मिमी व्यास, ७५ आणि १०० मिमी लांबी, त्यावर हाताने चिकटवलेलं लेबल. लेबल तिरकं किंवा सुटलेल्या कोपऱ्याचं असलं की ट्यूब रॅकच्या भोकात फसते. बोटांना व्ही-खाच द्या म्हणजे दोन्ही व्यास मधोमध धरले जातात. कॅपला नव्हे, कॅपच्या खाली पकडा, कारण काही कॅप ओढल्या की निघतात. ट्यूब वर काढताना रॅकच उचलला जात असेल तर रॅक खालून पकडणारी जागा करा. बोटं मिटल्यावर किती मिलिमीटरवर थांबली ते वाचा: फार मिटली म्हणजे ट्यूब नाही, अपेक्षेपेक्षा जास्त उघडी म्हणजे दुसरा व्यास किंवा लेबलांवर लेबल. उघड्या ट्यूबसाठी प्रवेग निम्म्याहून कमी करा, नाहीतर नमुना कडेला चढतो. भोकात सोडताना सरळ खाली न दाबता, विरोध जाणवला की एखादा मिलिमीटर वर, थोडं गोल फिरवून पुन्हा खाली. तरीही नाही गेली तर अडलेल्या ट्यूबचा वेगळा रॅक हवाच. असा रॅक न ठेवलेल्या सेलमध्ये (रोबोट आणि त्याभोवतीच्या मांडणीत) पहिल्याच फसलेल्या ट्यूबला सगळं काम थांबतं.

नमुन्याची ओळख नेहमी बारकोडवरून. रंग फक्त ताळा म्हणून: जांभळी कॅप ईडीटीएची, फिकट निळी सायट्रेटची (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं), आणि बारकोडची तपासणी त्याच्याशी जुळत नसेल तर ट्यूब माणसाकडे.

आरोग्यक्षेत्रासाठी घेणाऱ्यांनी एक वाक्य मॅन्युअलमध्ये शोधून वाचावं. वैद्यकीय आणि जीवनरक्षक कामांसाठी वापर हा निषिद्ध वापरांच्या यादीत आहे. ट्यूब, रॅक, डबे हलवणं वेगळं. रुग्णाच्या अंगाला लागणारं उपकरण या हाताला धरायला लावणं वेगळं. त्यासाठी कुकाचा एलबीआर मेड यासारखे, वैद्यकीय उपकरणांत बसवण्यासाठीच प्रमाणित केलेले हात आहेत. क्लीन रूमसाठी यूआर५ई आयएसओ क्लास ५ला चालतो, पण क्लीन रूम म्हणजे निर्जंतुक खोली नव्हे.

कुंपण हवं की नको

हात धक्का लागल्यावर थांबतो, हे खरं. पण प्रश्न हाताचा नसून पूर्ण कामाचा आहे. आयएसओ/टीएस १५०६६ या कोबॉटच्या सुरक्षेच्या दस्तऐवजात शरीराच्या भागागणिक मर्यादा दिल्या आहेत. माणसाचा हात आणि बोटं चेपली जात असतील तर १४० न्यूटन, क्षणिक धक्का असेल तर त्याच्या दुप्पट. चेहऱ्याला चेपण्यासाठी ६५ न्यूटन, क्षणिक धक्क्याला सूटच नाही. २०२५च्या आयएसओ १०२१८ या औद्योगिक रोबोटच्या सुरक्षेच्या मानकाने हा मजकूर स्वतःत घेतला आणि 'सहयोगी रोबोट' हा शब्द सोडून 'सहयोगी काम' हा विचार धरला. योग्यच केलं. रोबोट कितीही मवाळ असला तरी त्याने धरलेला जॉब पत्र्याचा धारदार तुकडा असेल तर काम सहयोगी राहत नाही.

बळाइतकाच दाब महत्त्वाचा. ग्रिपरच्या बोटाचा टेकणारा भाग पाचव्या हिश्श्याचा केला की त्याच बळाला दाब पाचपट होतो. ग्रिपरच्या कडा गोल करा, ब्रॅकेटचे बोल्ट बाहेर ठेवू नका. मोजमाप अंदाजाने नको. स्प्रिंग आणि दाब-फिल्म असलेलं उपकरण लावून, ज्या जागी माणसाचा हात चेपला जाऊ शकतो तिथेच, प्रोग्रामच्या खऱ्या वेगाने मोजा. आकडा जास्त आला तर वेग कमी करा. सायकल परवडत नसेल तर एरिया स्कॅनर लावा: माणूस दूर असताना पूर्ण वेग, जवळ आला की रिड्यूस्ड मोड (कमी वेग), आणखी जवळ आला की थांबा.

कारखान्यातून येताना सेफ्टी इनपुटवर जंपर (टर्मिनल आपसांत जोडून ठेवणाऱ्या तारा) लावलेले असतात, म्हणून हात पेटीतून काढल्या काढल्या चालतो. स्कॅनर किंवा दाराचा स्विच जोडताना ते जंपर काढायला विसरणं ही ऐकीव गोष्ट नाही. पडद्याच्या कोपऱ्यात सेफ्टीचा चार अक्षरी चेकसम (सेफ्टी सेटिंगवरून बनणारा कोड) दिसतो. सेल मंजूर झाला त्या दिवशी तो लिहून पॅनलवर चिकटवा. बदललेला दिसला की कुणीतरी मर्यादांना हात लावला आहे.

कॅमेरा आणि एआय

कंपनीने २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या जेटसन या छोट्या एआय संगणकावर चालणारं एआय ॲक्सिलरेटर किट जाहीर केलं. इतरांचेही असे संच आहेत. विखुरलेले, एकमेकांवर पडलेले जॉब उचलायचे असतील तर शिकवलेलं मॉडेल जुन्या कडा-शोधणाऱ्या पद्धतींपेक्षा सरस ठरतं, यात वाद नाही. पण जॉब ट्रेमध्ये ठरलेल्या जागी येऊ शकत असेल तर ट्रेच करा. ट्रेला ट्रेनिंग लागत नाही.

डेप्थ कॅमेरा (अंतर मोजणारा) काचेसमोर आणि चकचकीत धातूसमोर गडबडतो. पारदर्शक ट्यूबच्या जागी भोक दिसतं किंवा मागच्या रॅकची खोली येते. अशा वेळी टूडी चित्रातून कॅपचा मध्य शोधा आणि उंची रॅकच्या मापावरून घ्या. चकचकीत जॉबसाठी पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) आणि पसरट प्रकाश. हँड-आय कॅलिब्रेशनला (कॅमेरा आणि हात यांच्या जागा जुळवायला) १२ ते १५ स्थिती घ्या, आणि त्यात कॅमेरा खरोखर तिरका-वाकडा फिरवा. नुसता वर-खाली सरकवलात तर गणित सुटल्यासारखं दिसतं आणि टोक कडेला चुकतं. कॅलिब्रेशनचा बोर्ड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद नसावा.

मॉडेल शिकवताना फोटो त्याच दिव्याखाली, त्याच शिफ्टमध्ये, दिवसाउजेडीही आणि रात्रीही काढा. तेल लागलेले, अर्धे झाकलेले, उलटे पडलेले जॉब त्यात हवेत. मॉडेलची खात्री ठरावीक पातळीखाली गेली तर उचलू नको असा नियम घाला आणि न उचललेल्यांचे फोटो साठवत राहा, पुढची शिकवण त्यांतूनच होते. थांबण्याचा निर्णय मात्र कधीही एआयकडे द्यायचा नाही. तो सेफ्टी सर्किटचाच.

निगा

ग्रीस घालायला लागत नाही. कंट्रोल बॉक्सच्या हवेच्या जाळ्या, सांध्यांच्या निळ्या झाकणांच्या रिंगा, फ्लँजचे आणि पायाचे बोल्ट, पेंडंटची केबल, एवढं वेळापत्रकात ठेवा. प्रत्येक ई-स्टॉप (आणीबाणीचं बटण) आणि सेफगार्ड इनपुट (दार, स्कॅनर यांचं) वर्षातून निदान एकदा खरोखर दाबून पाहा. बॅकअप घेताना प्रोग्रामबरोबर इन्स्टॉलेशन फाइलही घ्या. टूलचं टोक, वजन, इनपुट-आउटपुटची नावं त्या फाइलमध्ये असतात. नुसता प्रोग्राम दुसऱ्या हातावर टाकला तर तो चालतो, पण दुसऱ्याच टोकाच्या हिशेबाने.

मागणी देण्याआधी डेमो आपल्याच मालावर मागा, आणि त्यासाठी निवडक जॉब देऊ नका. बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत कड) राहिलेले, मापाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे, लॅब असेल तर सुटलेल्या लेबलांच्या ट्यूब द्या. विक्रेता पंधरा मिनिटांत थांबा म्हणाला तर ग्रिपरचं काम अजून बाकी आहे, हात बदलून काही होणार नाही.